घाटावरचे तीन दगड

दिवाळी झाली, तरी यंदा बोडीवरचा, गावतळ्यावरचा, सनाचा वास गेला नाही. पाऊस लांबला, सन, म्हणजे ताग, उशिरा उपटला, म्हणून उशिरा सडतो आहे. वारा फिरला की वास थेट ओसरीवर येतो. नव्या माणसाला ती घाण वाटते. मेल्या जनावरासारखी, वरून थोडी आंबट. आम्हाला काही वाटत नाही. सन पाण्यात सडल्याशिवाय त्याची साल सुटत नाही, आणि साल सुटल्याशिवाय दोर वळता येत नाही. बैलाचा कासरा, बाजेची वीण, पाळण्याची दोरी, सगळं त्या घाणीतूनच निघतं. लढाईत दोराला भाव आला तेव्हापासून लोक सन पेरतातही जास्त.

पण या वासानं माझं एक साल परत येतं. आमची लेक सकू गेली ते साल. आजवर ते साल एका तऱ्हेचं होतं, परवाच्या भाऊबीजेपासून दुसऱ्याच तऱ्हेचं झालं. म्हाताऱ्या माणसाजवळ दुसरं असतं काय? होऊन गेलेल्या गोष्टीच असतात. त्याही कोणी येऊन बदलून टाकल्या तर त्यानं जायचं कुठं?

कौतिका, माझी बायको, माघात गेली. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात. मधे चिंचेचं झाड आणि कोंडवाडा, एवढंच अंतर. लग्न झालं तेव्हा लोक मला म्हणाले, पाणीवालीची पोर आणली तू. तिची आई गावाचं पाणी पाहायची. आमच्या गावाला विहीर फार उशिरा झाली, तोवर प्यायला नाला. नाला डोंगरातून उतरतो, धानाच्या बांध्यांच्या कडेनं येतो आणि मोहाच्या झाडाखाली घाटावर जरा थांबतो. तिथं सुपाएवढे तीन दगड होते. पाणी पाहायचं म्हणजे चव घ्यायची नाही, रंगही बघायचा नाही. ते तीन दगड उलटायचे आणि त्यांच्या पोटाखाली कोण राहतं ते बघायचं.

लग्नानंतरच्या पहिल्याच आश्विनात तिनं मला दाखवलं. लुगड्याचा कासोटा मारून ती गुडघाभर पाण्यात उभी, आणि मी काठावर कोरड्या पायांनी.

"उतरा ना. का मीठ हाय अंगाले, इरघळान?"

उतरलो. तिनं दगड उचलून पालथा केला. मला नुसता ओला दगड दिसला. मग तिनं बोट ठेवलं तिथला डाग सरकला. चपटा किडा, दगडाला असा चिकटलेला की दगडाचाच भाग वाटावा. मागे केसासारख्या तीन शेपट्या. पलीकडे कपाळावरची टिकली पडून चिकटावी तसं काहीतरी गोल. तेही जिवंत होतं. आणि वाळूचे दाणे एकाला एक चिकटवून केलेली बारीक नळी, तांदळाच्या दाण्याएवढी. तिनं ती तळहातावर घेतली. आतून काळं डोकं बाहेर आलं, आम्हाला पाहिलं आणि परत आत गेलं.

"हे घरवाले," ती म्हणाली. "आपलं घर आपनच बांधते. जिथं राहीन तिथल्याच वाळूचं."

मी म्हणालो, "तुया भावापेक्षा लाजरा हाय."

"किड्यात माया माहेर कायले आनता?" म्हणाली आणि ओंजळभर पाणी माझ्या तोंडावर मारलं.

मग समजावून सांगितलं. तीन शेपटीवाले सगळ्यात नाजूक, पाण्यात जरा घाण मिसळली की आधी तेच जातात. त्यांच्यामागून टिकल्या. घरवाले काही दिवस तग धरतात. पाणविंचू, चतुराची पिल्लं, गोगलगायी त्यांच्याही नंतर. आणि सगळे गेले की चिखलात सुतासारख्या लाल अळ्या वळवळायला लागतात. त्या दिसल्या की ते पाणी गुरालासुद्धा दाखवायचं नाही.

"कोन हाय ते कोनीबी पायते," ती म्हणाली. "कोन नाई ते पाहाचं."

आई गेल्यावर गावानं पाणी पाहायचं काम तिच्याकडे दिलं. तिला त्याचा फार तोरा होता. मला आवडायचा तो तोरा.

आता त्या सालाचं सांगतो. हस्ताचा पाऊस आलाच नाही. आभाळ सकाळी भरायचं, दुपारी कोरं. धानाला पाणी पुरवता पुरवता बोड्या तळाला गेल्या. सन सडवायची बोडी तर भेगाळली होती. गावाचा नियम जुना होता, सन फक्त त्या बोडीत घालायचा, नाल्यात कोणी एक पेंढीसुद्धा बुडवायची नाही. त्या साली कोतवालानं दवंडीही दिली. सन उभा वाळू द्या, गुरांपुढे टाका, पण नाल्याला हात लावू नका. सन उभाच राहिला. पिवळी फुलं गळाली, शेंगा वाळल्या, वारा आला की सगळं रान खुळखुळायचं. सकू तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिला मी शेंगांची फांदी तोडून द्यायचो. ती खुळखुळवत अंगणभर फिरायची, आणि कोंबड्या पळाल्या की तिला वाटायचं आपल्याच भीतीनं पळाल्या.

दसऱ्याच्या आधी बायका कुरकुरू लागल्या की घाटावर वास येतो. कोणी म्हणालं पानं कुजली असतील, पाणीच कमी आहे. कोणी म्हणालं वरती कोणीतरी सन घातला. घट बसवायला पाणी न्यायचं, तर आधी पाणी पाहून घ्या असं ठरलं. ठरलेल्या सकाळी सगळं गाव घाटावर. मालगुजार छत्री घेऊन काठावर, पंच त्याच्याभोवती, बायका मोहाच्या सावलीत. कौतिकाचा धाकटा भाऊ दयारामही होता. सगळ्यात पुढे उभा होता तो.

"बाई, दगड भारी हाय, मी उचलून देऊ का?" तो म्हणाला.

"तू सर. तुया पायानं पानी गढूळ होते," कौतिका म्हणाली, आणि लोक हसले.

तिनं पहिला दगड उलटला. तीन शेपटीवाले होते, पळापळ करत होते. दुसरा उलटला, टिकल्या होत्या. तिसऱ्याखाली घरवाले होते, पांढरी घरं, साखरेच्या दाण्यांसारखी चमकणारी. मी सकूला कडेवर घेऊन पाण्यातच उभा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सकूनं त्या पांढऱ्या घरांकडे बोट दाखवलं आणि हात पुढे केला. कौतिकानं वास घेतला, कपाळाला आठी घातली, पुन्हा दगडाकडे पाहिलं. मग सरळ उभी राहिली.

"पानी चांगलं हाय," ती म्हणाली. "वास पानाचा असन."

घट बसले. गाव पाणी प्यालं. माळा वाढत गेल्या तसा वासही वाढला. मग घराघरात पोटं बिघडली. मोठी माणसं उठून बसली. सकू उठली नाही. जास्त काही लिहीत नाही. इतकंच लिहितो, की शेवटी शेवटी ती पाणीच मागत होती, आणि आम्ही तेच पाणी देत होतो.

नंतर वरच्या वळणावर, बोरूच्या आड, सनाच्या पेंढ्या दाबलेल्या सापडल्या. दगड ठेवून दाबलेल्या. कोणाच्या ते कळलं नाही. तिथं चार-पाच जणांच्या बांध्या लागून होत्या, दयारामचीही होती. त्यानं देवीसमोर हात ठेवून सांगितलं, माझ्या नाहीत. बाकीच्यांनीही तसंच सांगितलं. प्रकरण मिटलं. राहिलं ते एवढंच, की कौतिकाचं पाणी चुकलं.

तिनं पाणी पाहायचं सोडलं. गिरजा पाहायला लागली, आमच्या मागच्या घरची. कौतिका पुढं कधी वाकून दगडाकडे बघतानासुद्धा मला दिसली नाही. आश्विनात सनाचा वास सुटला की ती बोलेनाशी व्हायची. मी म्हणायचो, "तुया डोळ्याची चूक नाई. पानीच तसं होतं." ती म्हणायची, "जेवा गुपचूप." एवढंच. कितीदा तिच्या पाठीवर हात ठेवून मी हेच म्हणालो असेन. मला वाटायचं, तिच्या काळजावरचा दगड थोडा थोडा मी उचलतो आहे.

आणि दरसाल भाऊबीज यायची. दयाराम यायचा. ती पाट मांडायची, त्याला टिळा लावायची, ओवाळायची. त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. त्या दिवशी स्वतः काही खायची नाही. मला वाटायचं सकूसाठी. त्याच्या ताटात तिनं वाढलेली करंजी मीही खाल्ली आहे, त्याच्या मांडीला मांडी लावून. त्याच्या पोरींच्या लग्नात मी खांद्यावर घोंगडी टाकून रात्र रात्र उभा राहिलो आहे. त्याचा बैल मेला तेव्हा माझा बैल त्याच्या नांगराला दिला. हे उपकार सांगायला लिहीत नाही. मी कुठं कुठं बसलो होतो, ते आता मला एकेक करून दिसतं म्हणून लिहितो.

यंदा कौतिका नाही. तरी परवा भाऊबीजेला तो आला. धुतलेलं धोतर, हातात दरसालसारखी खणाची घडी. ओसरीवर बसला. सकूनंतर झालेला पोरगा शेतावर होता; सुनेनं पाणी आणून ठेवलं, ते प्याला नाही.

"भाऊजी, पाट मांडाले सांगू नका."

"कोन मांडून राह्यलं?" मी म्हणालो. "ओवाळाले हाय कोन?"

बराच वेळ तो त्या घडीच्या कडा बोटांनी सारख्या करत बसला. मग म्हणाला, "मले आता छातीत धरते. किती दिस आहो मालूम नाई. एक सांगाचं हाय. सकूच्या सालचं पानी. बाईचं चुकलं नव्हतं."

मला वाटलं माझ्यासारखंच तोही तिला धीर देतो आहे, मेल्यावर.

"सन माया होता," तो म्हणाला. "बोडीत पानी नव्हतं, सन वाळून लाकूड होऊन राह्यला होता. मनलं थोडकासा घालतो, कोनाले काय समजते. मंग पानी पाहाचं ठरलं. बाई कोनते दगड उलटते ते मले मालूमच होतं. मायनं दोघालेबी शिकवलं होतं. त्या सकाळी उजाडाच्या आंधी वरच्या झऱ्यावर गेलो. तिथले किडे हातानं निपटून मडक्यात भरले, आन आनून घाटावरच्या त्या तीन दगडाखाली सोडले."

बोडीवरचा वास ओसरीवर येत होता. सून आत भांडी घासत होती, तिचा हात थांबला ते मला ऐकू आलं.

"बाईले कवा समजलं?" मी विचारलं. कसं विचारलं माहीत नाही. तिला समजलं असेल हे मला का वाटलं तेही माहीत नाही.

"पोर गेली तेच्या दुसऱ्या दिसी. माया बांधीत आली. मुठीत ते घरवाले होते, मेलेले. मनली, दया, आपल्या नाल्याची वाळू लाल हाय. हे घरं पांढरे हायेत. हे झऱ्याचे. बस, येवढंच मनली. मी तिच्या पायावर पडलो. चार लेकरं होती मायी, तुमाले तं मालूम हाय. मनली, माया मालकाले सांगू नको. हे कुऱ्हाड घेऊन येतील, तुले तोडतील आन फाशी जातील. पोर गेली. आता भाऊबी घालवू आन नवराबी घालवू का?"

"मंग आज कायले सांगून राह्यला?"

"बाई होती तवा तिच्याजवळ येऊन बसलो की हलकं वाटे. ते जानत होती. आता कोनीच जानत नाई, भाऊजी."

"मनून मायावर टाकाले आला?"

तो रडायला लागला. म्हाताऱ्या माणसाचं रडणं फार वाईट दिसतं, नाकातून येतं. "माफ केलं मना," तो म्हणाला. "बाईनं केलं होतं."

"मी कौतिका नाई. उठ."

तो गेला. खणाची घडी ओसरीवरच राहिली. सुनेनं ती उचलली आणि विचारायला माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. तिनं ती कुठं ठेवली मला माहीत नाही.

दयारामवरचा राग मला समजतो. तो सरळ आहे, दगडासारखा हातात धरता येतो. पण कौतिकाचा राग कसा करायचा? माणूस समोर असलं तर ताट भिरकावता येतं, दोन दिवस बोलणं बंद ठेवता येतं, तिसऱ्या दिवशी तिनंच येऊन विचारावं, "झाला का राग?" आता माझ्याशी भांडायला कोण आहे? तिची बाज अंगणात उभी करून ठेवली आहे. तिच्याशी भांडू?

त्या सगळ्या वर्षांतल्या संध्याकाळी मी परत परत पाहतो. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो आहे, तुझी चूक नाही. आणि तिला ते माहीत आहे. मी तिचं दुःख उचलतो आहे असं समजून मी जे उचलत होतो, ते काय होतं? ती माझ्या हाताखाली गप्प बसायची, तेव्हा मनात काय म्हणत असेल? बिचारा म्हणत असेल? हसत तर नसेल? नाही, हसत नसेल. पण मला आता कशाचीच खात्री देता येत नाही. त्या दुःखात आम्ही तिघंच होतो असं मी धरून चालत होतो, मी, ती आणि गेलेली पोर. चौथा कायम बसलेला होता, आणि त्याला ताट वाढलं जात होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या मनानं घेतली. गावात तिचं नाव अजून खराब आहे. पाणीवालीच्या पोरीचं पाणी चुकलं, तिच्या हातानं तिचीच पोर गेली, असं गाव म्हणत असणार. ती गेली, आता तिला कोणाचं संरक्षण करायचं नाही. मी सांगणार. तिनं शब्द दिला असेल, मी दिलेला नाही.

काल सकाळी गेलो. विहीर झाली तरी डाळ शिजवायला आमच्याकडे नाल्याचंच पाणी लागतं, म्हणून बायका घाटावर येतातच. धुकं होतं. मोहाखाली आठ-दहा बायका, माझी सूनही त्यांच्यात, आणि गिरजा म्हातारी काठाला बसून पितळी गुंड घासत होती. मी घाटाच्या मधोमध पाण्यात जाऊन उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं. सगळं सांगितलं. मडकं, झरा, पांढरी घरं, सगळं. "कौतिकाचं पानी चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "आइका सगळ्या. चुकलं नव्हतं."

कोणी "अगं बाई" म्हणालं नाही. कोणी तोंडाला पदर लावला नाही. एक पोरगी खाली बघत पाण्यात पाय हलवत राहिली.

"मालूम हाय, भाऊ," गिरजा म्हणाली.

"काय मालूम हाय?"

"हेच. कौतिकानं मले पानी पाहाचं देलं तवाच सांगतलं. मनली, घाटावरचे दगड आता उलटू नको, ते कोनालेबी मालूम हायेत. जिथं पाय जाईन तिथला उलट. तवापासून आमी तसंच करून राह्यलो." तिनं गुंडाला राख लावली. "पानी पाहाचं शिकवाचं मनजे हे सांगाच लागते. नाई तं पोरी घाटावरचेच दगड उलटतीन."

मी सुनेकडे पाहिलं.

"मामाजी, मले लगन होऊन आली तवाच सांगतलं," ती हळू म्हणाली. "आन घरात बोलाचं नाई मनून बी सांगतलं."

"आन दयाराम?" मी गिरजाला विचारलं. "तुमी सगळ्या जानत होत्या, आन तो मोकळा फिरला?"

"मोकळा कायचा? तेच्या घरच्या बायका आजबी सगळ्याच्या खाली, गुरं पितेत तिथं पानी भरतेत. कोनी सांगतलं नाई तेयले, तेयनंच समजून घेतलं. तुमी कधी पाह्यलं नाई?"

पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. का भरतात ते कधी विचारलं नाही.

"मंग मलेच काऊन नाई?"

गिरजानं हात थांबवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमालेच तं नाई सांगाचं होतं, भाऊ," ती म्हणाली. "बाकीच्यायच्या घरी कुऱ्हाड कोन उचलत होतं?"

मग मागून कोणीतरी म्हणालं, "सरका ना बाबा. पानी गढूळ होऊन राह्यलं. डाळ टाकाची हाय."

मी सरकलो. काठावर मोहाच्या मुळावर बसून राहिलो, त्या भरून भरून निघून जाईपर्यंत. सून जाताना थांबली, "चला ना, मामाजी" म्हणाली. मी हातानं जा म्हटलं.

खोटं लिहीत नाही. त्या साली मला कळलं असतं तर मी कुऱ्हाड घेऊन गेलो असतो. चिंचेच्या झाडापर्यंत जाईस्तो कोणी धरलं नसतं तर तोडलाही असता. कदाचित चिंचेपाशी जाऊन परतही फिरलो असतो. कोण सांगेल? तिनं मला ओळखलं होतं म्हणतात. गावातल्या सगळ्या बायकांनी ओळखलं होतं. पण जायचं, का परत फिरायचं, हे ठरवणं माझं होतं. कौतिका, सकू माझीही पोर होती.